धान हाती आलं की मंडई

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं कोंढा शेजारच्या कोसऱ्यासह ‘कोंढा-कोसरा’ या जोडनावानंच ओळखलं जातं. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. इथं आणि आसपासच्या गावांत भाऊबीज सरली की मंडयांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. शेजारच्या दोन गावांच्या मंडया शक्यतो एकाच दिवशी ठेवत नाहीत, कारण पाहुणे तेच, दुकानदार तेच आणि पुष्कळदा शाहीरही तेच.

ज्या गावाची मंडई, तिथं सासरी गेलेल्या लेकी, जावई, मामा-मावश्या, नवे-जुने सोयरे सगळे उतरतात. उपवर मुलामुलींची स्थळंही याच गर्दीत बघितली जातात. गावाच्या मोकळ्या जागेत दुकानं लागतात. तलावातून काढलेले शिंगाडे, मुरमुरे-फुटाणे, जिलेबी, बांगड्या, खेळणी असा बाजार भरतो. दुपारी डफ कडाडतो, ढोलकी बोलू लागते आणि शाहीर उभा राहतो. तिकीट नसतं. लोक भोवताली रिंगण धरून उभे राहतात किंवा जमिनीवर बसकण मारतात. रात्री नाटक असतं. घरात जागा पुरत नाही तेव्हा पाहुणे ओसरीवर, अंगणात पथारी टाकतात. बैलगाड्यांच्या काळात तर तणस अंथरून रेंगीतच रात्र काढली जाई.

उघड्यावर भरणारा, मुक्कामाला माणसं बोलावणारा लोकसंगीताचा असा वार्षिक मेळा इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो सांगायला हवा, कारण त्यात या मुलखाची सारी हकिगत आहे. जमीन कोणाची होती, मंडईचा खर्च कोण करी, गाणारा कोण होता आणि त्याला मान किती मिळे, हे सगळं त्या रिंगणात दिसतं.

उन्हाळा नव्हे, कार्तिक

अमेरिकेतला न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव १९५९च्या जुलैत सुरू झाला, इंग्लंडमधला केंब्रिजचा १९६५मध्ये. तिकडची माणसं वर्षभर उन्हाची वाट बघतात आणि ऊन पडलं की तंबू घेऊन मैदानावर जातात. पश्चिम महाराष्ट्रातही उन्हाळा हाच यात्रांचा काळ. नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पंच तिथं येऊन सुपारी देतात.

भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात हे जमण्यासारखं नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. चैत्रात मोहफूल वेचायचं, वैशाखात तेंदूपत्ता तोडायचा, घरातली लग्नं उरकायची आणि मृगाआधी बांध्या तयार ठेवायच्या. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणी. तेव्हा बायाबापड्या दिवसभर चिखलात वाकून असतात. गाणं तेव्हाही असतं, पण ते ऐकायला पाहुणे बोलावण्याची सवड नसते.

सवड मिळते ती दिवाळीला. हलका धान कापून झालेला असतो आणि भारी धान अजून बांधीत उभा असतो. या दोन कापण्यांच्या मधल्या फटीत मंडई बसते. घरात नवे तांदूळ आलेले असतात, हातात थोडा पैसा खेळतो, पावसानं पाठ फिरवलेली असते आणि रात्री अजून फार गारठत नाहीत. उघड्यावर माणसं जमवायला वर्षातले यापेक्षा सोयीचे दिवस या मुलखाला मिळत नाहीत.

गुराख्यांचा मान

या दिवसांचा पहिला मानकरी गुराखी. बलिप्रतिपदेला पूर्व विदर्भात गायगोधनाची पूजा होते. वर्षभर गावाची गुरं चारणारा गोवारी समाज त्या दिवशी पुढे असतो. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा घातलेली गुरं आखरावर जमतात. शेणाचं गोधन मांडून पूजा होते. गोवारी आपली ढाल मिरवत, नाचत-गात गावातून फिरतात. दिवाळीच्या या आनंदाला लागूनच गावोगावच्या मंडया येतात.

सीमेपलीकडे छत्तीसगडात याच दिवसांत राऊत नाचतात आणि मडई भरते. राऊतही गुराखीच. आज मधे राज्याची सीमा आली असली तरी धान, गुरं आणि दिवाळी या तीन गोष्टींनी दोन्हीकडची रीत एकाच वळणाची ठेवली आहे. मंडई ही कोण्या एका राजाची किंवा एका देवस्थानाची देणगी नाही. काम करणाऱ्या माणसांच्या वर्षातून ती उगवली, म्हणूनच राजवटी बदलल्या तरी ती बंद पडली नाही.

मालगुजाराचा वाडा, गावाचं रिंगण

१८५४मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. भंडारा जिल्ह्यात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता आणि गावोगावचे जुने तलाव आजही मालगुजारी तलाव म्हणूनच ओळखले जातात. पाण्याची सोय आणि जमिनीची सत्ता एकाच वाड्यात एकवटल्यावर सणाचं यजमानपणही तिथंच गेलं. कलावंतांची बिदागी, पाहुण्यांची पंगत, शंकरपटाच्या शर्यतीत धावणाऱ्या बैलजोड्यांची बडदास्त यांतून मालगुजाराची पत दिसू लागली.

याच काळाचा मोठा खेळ म्हणजे दंडार. पुरुषच पात्रं करत. साडी नेसलेला नाच्या, हसवणारा नकल्या, मागून सूर धरणारे झिलकरी आणि सोबत ढोलकी-टाळ. दंडारीत गाणी असत, नकला असत आणि पुराणातल्या प्रसंगांवर उभा केलेला खेळही असे. ज्या दंडारीत असा प्रसंग रंगवला जाई तिला परसंगी दंडार म्हणत. संवाद पुष्कळदा आयत्या वेळी सुचत आणि त्यात गावातलीच भानगड नाव न घेता गोवली जाई. झाडीपट्टी म्हणजे हाच पूर्व विदर्भाचा मुलूख. इथल्या झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोककलांचा बारकाईनं शोध घेतला. आजच्या झाडीपट्टी नाटकाचं मूळ दंडारीत आहे, ही मांडणी त्यांच्या अभ्यासामुळे ठळक झाली.

दंडारीतली माणसं दिवसा नांगर धरणारी, गुरं राखणारी, मासे पकडणारी होती. यजमान वाड्यातला असला तरी खेळ बांधीत राबणाऱ्यांच्या हाती होता. ज्याच्यापुढे एरवी मान खाली घालायची, त्याला नकल्या रिंगणात उभा राहून बोल लावू शके आणि तो मालगुजारालाही हसून घ्यावा लागे. वर्षातून काही रात्री का होईना, बोलण्याचा हक्क कष्टकऱ्याकडे येई. मंडईच्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

उभ्यानं गाणारा शाहीर

दंडारीच्या जोडीला मंडईत खडी गंमत आली आणि दिवसाचं रिंगण तिनं काबीज केलं. तमाशाशी तिचं नातं उघड आहे. गण, गवळण, लावणी, सवाल-जवाब हा क्रम तिथलाच. शाहिराच्या हाती डफ, बाजूला तुणतुणं आणि ढोलकी, मागे झिलकरी आणि बाईच्या वेषातला नाच्या. पण तमाशाच्या फडासारखा तंबू, पडदे, तिकिटाची खिडकी यातलं काही नाही. सगळा संच उभ्यानं गातो आणि भोवतालचे लोक हाताच्या अंतरावर असतात.

खरी रंगत दुय्यम गंमतीत. दोन गावांचे दोन शाहीर एकाच रिंगणात समोरासमोर येतात. एकानं पुराणातला कूटप्रश्न गाण्यात घालून फेकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीवर उत्तर द्यायचं आणि वर आपला प्रश्न टाकायचा. उत्तर अडलं की प्रेक्षक आरोळी ठोकतात. शाहिराला शेकडो रचना तोंडपाठ असाव्या लागतात, रामायण-महाभारताच्या आडवळणाच्या कथा ठाऊक असाव्या लागतात आणि ऐन वेळी चरण जुळवता यावा लागतो. शाळेची पायरी न चढलेले कितीतरी शाहीर या परीक्षेत उतरले. गुरूकडून शिष्याकडे गेलेली हस्तलिखित गाण्यांची वही हीच त्यांची दौलत.

छत्तीसगडचा नाचा हा या कलेचा सख्खा शेजारी. तिथंही पुरुषच बाईची भूमिका करत, तिथंही हसवणारा जोक्कड, तिथंही रात्रभर उघड्यावर खेळ. १९७३मध्ये हबीब तन्वीर यांनी रायपूरला नाचाच्या कलावंतांसह कार्यशाळा घेतली आणि पुढे त्याच मातीतून ‘चरणदास चोर’ उभं केलं. १९८२मध्ये या नाटकानं एडिनबरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळवला. शेतात राबणारे कलावंत त्या रंगमंचावर आपल्या बोलीत बोलले आणि जगानं ते ऐकलं. खडी गंमतीला असा हात देणारा मोठा रंगकर्मी लाभला नाही. गुण कमी होते म्हणून नव्हे. मुंबई-पुण्यातल्या सांस्कृतिक वर्तुळात लोकनाट्य म्हटलं की तमाशाच डोळ्यांपुढे येई आणि भंडारा फार लांब पडे.

वाड्याकडून वर्गणीकडे

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा त्या राज्यात होता. १९५६मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. वाड्याची मालकी गेली तसं मंडईचं यजमानपणही हळूहळू गावाकडे आलं. घरटी वर्गणी, मंडई समिती, पुढे ग्रामपंचायत असा हा प्रवास. वाड्याच्या बिदागीची जागा इसार आणि ठरलेल्या सुपारीनं घेतली.

बदल नुसता पैशाचा नव्हता. १९५४च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. ते हरले. पण ज्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून डफ वाजवणारे हात येत, तिथं या निवडणुकीनं आत्मसन्मानाची भाषा पोहोचवली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि बौद्ध झालेल्या शाहिरांच्या वह्यांत बुद्ध-भीमगीतं आली. ज्या डफावर पूर्वी देवाचा गण होई, त्याच डफावर शिक्षणाची आणि संघटनेची गाणी होऊ लागली.

दुसरीकडून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी गावोगाव पोहोचली होती. १९५५मध्ये ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. दारूबंदी, गावसफाई, हुंड्याचा जाच हे विषय भजनातून गायले जात, तसे ते खडी गंमतीतही शिरले. पुराणातल्या कूटप्रश्नांना सरावलेला शाहीर आता गावाच्या चालू दुखण्यावर गाऊ लागला. वर्तमानपत्र न पोहोचलेल्या गावांत देशात काय चाललंय ते पुष्कळांना मंडईतच कळे.

रात्रीचं नाटक, दिवसाचा डफ

पुढे मंडईच्या रात्रीवर नाटकानं हक्क सांगितला. आधी गावातली हौशी मंडळीच नाटक बसवत आणि तालमी महिनाभर चालत. मग व्यावसायिक कंपन्या आल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं ठाणं झालं. प्रेक्षकांसाठी जमीन खोदून उतार करायचा म्हणजे मागच्यालाही रंगमंच दिसतो, ही इथल्या गावांची शहाणी युक्ती. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक हे समीकरण हिवाळाभर झाडीपट्टीत पक्कं झालं. पुरुष करत त्या बायकांच्या भूमिका नागपूरहून येणाऱ्या अभिनेत्री करू लागल्या.

या रंगभूमीला उशिरा का होईना मान मिळाला. गडचिरोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला. पण नाटक मोठं होत गेलं तशी दंडार आकसत गेली. नाटकाला तिकीट आहे, कंपनी आहे, जाहिरात आहे. खडी गंमत दुपारच्या फुकट रिंगणात राहिली. तिचं मोल लोकांनी मनात ठेवलं, पण कलावंताचा संसार तेवढ्यावर चालत नाही.

गेली काही दशकं

१९८८च्या एप्रिलमध्ये पवनी तालुक्यात गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. वैनगंगेवरच्या या धरणानं कित्येक गावं उठवली. पुनर्वसनात घराला जागा मिळते, पण आखर, तलावाची पाळ, मंडईचं मैदान आणि शेजारच्या गावांशी ठरलेली तिथी यांची भरपाई कुठल्याच कागदावर नसते. सिंचन आलेल्या भागात उन्हाळी धान होऊ लागला आणि कापणीला हार्वेस्टर आलं. ज्या हंगामी फटीत मंडई बसली होती, ती फटच बदलू लागली.

२३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाज आपल्या मागण्या घेऊन नागपूरच्या विधिमंडळावर गेला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं बहुसंख्य होती. ते दिवस मंडईचेच होते. ज्या समाजाच्या मिरवणुकीनं गावाची दिवाळी उजळते, त्याच्या वाट्याला उपराजधानीच्या रस्त्यावर मरण यावं, याची बोच या मुलखानं विसरू नये.

मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या. पटाभोवती जमणारी गर्दी घटली आणि त्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांनाही झळ बसली. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात करोना आला आणि २०२०च्या हंगामात रिंगणं ओस पडली. मंडईवर जगणाऱ्या कलावंताला, खेळणीवाल्याला, शिंगाडे विकणाऱ्या ढिवराला ते वर्ष फार जड गेलं.

या धक्क्यांतून मंडई उठली, कारण ती नात्यांवर उभी आहे. लेक माहेरी येणारच, जावयाला बोलावणं जाणारच. पण पाहुणे जमले म्हणजे कला जगली असं होत नाही. अनेक ठिकाणी शाहिराच्या जागी आता ऑर्केस्ट्रा आणि डीजे आहे. मैदान तेच आणि गर्दीही तीच असते, पण प्रश्नाला गाण्यात उत्तर देणारा माणूस तिथं नसतो. एका यंत्रातून येणारा आवाज सगळ्या गावांत सारखाच असतो. शाहीर मात्र ज्या गावात उभा राहतो त्या गावाचं नाव आपल्या चरणात गुंफतो.

ज्येष्ठ कलावंतांना शासन मानधन देतं, ते हवंच. नागपूरला १९८६पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथल्या मंचावर लोककला दिसतात, तेही चांगलं. पण खडी गंमत शहरातल्या मंचावर पाव तास दाखवण्याची वस्तू नाही. तिला समोर भांडायला दुसरा शाहीर लागतो, चूक पकडणारा जाणता प्रेक्षक लागतो आणि अख्खी दुपार लागते. हे तिन्ही एकत्र मिळतात ते फक्त मंडईत.

म्हणून उपायही मंडईच्या हाती आहे. कोंढ्यासारख्या गावांतल्या समित्यांनी वर्गणी गोळा करताना पहिली सुपारी खडी गंमतीच्या दोन संचांना द्यावी आणि ऑर्केस्ट्रावर जेवढं उधळलं जातं त्याच्या बरोबरीची बिदागी ठेवावी. गावच्या शाळेनं दिवाळीच्या सुट्टीआधी मुलामुलींना शाहिराकडे पाठवावं. मुलींनाही, कारण नाच्याच्या जागी बाई उभी राहायला आता कुणाची हरकत असू नये. शिकलेल्या पोरांनी म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवावेत, चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. याला ना मोठा निधी लागतो ना मंत्र्याची सही.

मालगुजार गेला तेव्हा मंडई बुडेल असं वाटू शकलं असतं. ती बुडाली नाही, कारण गावानं वाड्याचा खर्च आपल्या शिरावर घेतला. तेव्हा गावाकडे आजच्यापेक्षा कितीतरी कमी होतं, तरी शाहिराला उभं करायला त्याच्याकडे पैसे निघाले. आज पैसा आहे, रस्ते आहेत, ध्वनिक्षेपक आहेत. शाहिराला आधी बोलवायचं की शेवटी, एवढंच ठरवायचं उरलं आहे, आणि ते ठरवण्याचा अधिकार १९५१पासून गावाचाच आहे.